बाबा तिच्या सायकलमागे धावतात

आग खरं तर त्यांच्या दुकानाला लागलीच नव्हती. ती लागली शेजारच्या रंगाच्या दुकानाला. पण रंगाचे डबे फुटायला लागल्यावर आग काय कुणाचं घर कुठलं ते विचारत बसते? खारूच्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यात दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या सायकली आणि दुकानावरच्या माळ्यावरचं त्यांचं घर, सगळं एका दुपारीत गेलं. माणसं तेवढी वाचली. आई बाजारात होती, खारू शाळेत. बाबा गल्लीत उभे राहून ओरडत होते आणि त्यांच्या हातात होता फक्त एक पाना.

लोक म्हणाले, जीव वाचला, आणखी काय हवं? ते खरंच होतं. पण ज्यांच्या सायकली जळल्या ते येता-जाता बाबांकडे असं बघायचे, जणू काडी यांनीच ओढली. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही, आणि ते न बोलणंच बाबांना सोसवेना. शेवटी आईच्या मामेभावानं दुसऱ्या गावातल्या एका सायकलवाल्याकडे शब्द टाकला, आणि तिघं जण मिळालेल्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन तिकडे राहायला गेले.

खारू तेव्हा अकरा वर्षांची होती. लहानपणी दुकानातल्या टायरांच्या चळतीवर चढून बसायची, म्हणून बाबांनीच तिचं नाव खारूताई ठेवलं आणि पुढे ताई गळून नुसती खारू उरली. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण घरात कुणी त्या नावानं हाक मारली की समजायचं, आज आपलं काहीतरी चुकलंय.

नव्या गावातलं दुकान चांगलं ऐसपैस होतं. पुढे काचेमागे विकायच्या कोऱ्या सायकली, मागे दुरुस्तीची जागा, आणि त्याच्याही मागे फळ्यांची भिंत घालून काढलेली एक खोली. ती खोली यांना मिळाली. भिंत कसली, नुसता पडदाच. पलीकडे पाना पडला तरी इकडे कळायचं. पंपाची फुसफुस, चेनची खडखड, गिऱ्हाइकांची कुरकुर सगळं ऐकू यायचं, आणि चहाला रबराचा वास यायचा. "आपण सायकलच्या पोटात राहतोय," आई म्हणायची. तिला एका मोठ्या लाँड्रीत काम मिळालं होतं. दिवसभर हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालायच्या. घरी आल्यावरही समोर टॉवेल दिसला की तिचे हात आपोआप त्याची चौकोनी घडी करायचे.

या सगळ्याची खारूला सवय झाली असती. सवय होईना ती बाबांची.

बाबा म्हणजे बडबड्या माणूस. पूर्वी आई म्हणायची, "हे पान्यानं कमी आणि तोंडानं जास्त दुरुस्ती करतात." आता ते काम संपवून आत आले की भिंतीला पाठ लावून बसायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. खारूनं शाळेतली एखादी गोष्ट सांगितली की म्हणायचे, "हं." तिनं दुसरी सांगितली, की पुन्हा "हं."

"थकतात गं," आई म्हणायची. "नवी जागा, नवा मालक. लागेल थोडा वेळ."

खारूनं वेळ दिला असता. कितीही दिला असता. सगळ्यांच्याच वाट्याला ते "हं" आलं असतं, तर तिची काही तक्रार नव्हती.

पण तसं नव्हतं.

मालकांना एक मुलगी होती, खारूच्याच वयाची आणि खारूच्याच वर्गातली. तिला घरीदारी सगळे छकुली म्हणत. कुरळे केस, त्यांना रंगीत रिबिनी, आणि पायांत टकटक वाजणारे बूट. दुकानावरच्या मजल्यावरच त्यांचं घर होतं, त्याला मोठी गच्ची होती. एके दिवशी मालकांनी काचेमागची एक लाल सायकल काढून तिला दिली, पुढे जाळीची टोपली असलेली. पण शिकवणार कोण? मालक अंगानं भारी, चार पावलं भरभर चालले तरी त्यांना धाप लागायची.

"मिस्त्री," ते बाबांना म्हणाले, "आमच्या छकुलीला तेवढं शिकवा हो. माझ्याच्यानं काही पळवणार नाही."

दुकानामागे एक गल्ली होती, थोडी उताराची, पुढे मोठ्या रस्त्याला मिळणारी. खोलीची खिडकी त्याच गल्लीवर उघडत होती. दुपारी गिऱ्हाईक कमी असे तेव्हा बाबा छकुलीच्या सायकलची सीट धरून त्या गल्लीत धावायला लागले. खारू खिडकीत उभी राहून बघायची. बघायचं नाही असं रोज ठरवायची, आणि रोज बघायची.

"खड्ड्याकडे बघू नकोस," बाबा सांगायचे. "डोळे जातील तिकडे चाक जातं. आणि पडलीस तर लाजायचं नाही. जमिनीला सांगायचं, तुलाच भेटायला आले होते!"

छकुली खिदळायची, आणि बाबाही हसायचे. अगदी पूर्वीसारखं, मान मागे टाकून.

खारूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तो जमिनीचा विनोद तिचा होता. ती सायकल शिकत होती तेव्हा बाबांनी तो तिच्यासाठी केला होता, तिचं ढोपर फुटलं होतं तेव्हा. फ्रॉक, पुस्तकं, खेळणी सगळं जळून गेलं होतं. विनोद तेवढे उरले होते, तर आता तेही निघाले वाटायला!

"आई, बाबा तिच्याशी बोलतात," ती एका संध्याकाळी म्हणाली.

"मालकांनी सांगितलंय ना. कामच आहे ते त्यांचं."

"हसायचंही काम आहे?"

आईचे टॉवेलवरचे हात थांबले. "पोटात दुखतंय वाटतं कुणाच्या तरी."

"माझ्या नाही दुखत."

"मग तोंड का असं झालंय, लिंबू चावल्यासारखं?"

शाळेत तर आणखीनच. खारू तिथे नुसती "नवी" होती. मधल्या सुट्टीत छकुली मैत्रिणींच्या घोळक्यात उभी राहून सायकलच्या गोष्टी सांगायची. सुरुवातीला "दुकानातले मिस्त्रीकाका" म्हणायची. मग "मिस्त्रीकाका" झाले. मग नुसते "काका". आणि एक दिवस खारूनं ऐकलं, "आमचे काका म्हणतात, मला लवकरच येईल."

आमचे! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती हीच. खारूनं डबा तसाच बंद करून दप्तरात टाकला.

खारूला स्वतःला सायकल फार चांगली यायची. पण आगीनंतर ती एकदाही सायकलवर बसली नव्हती. जुन्या दुकानात बाबा तिच्यासाठी एक सायकल जुळवत होते. एका मोडक्या सायकलचा सांगाडा, दुसरीचं हँडल, तिसरीची चाकं. हिरवा रंगही लावून झाला होता, फक्त चेन चढवायची राहिली होती. ती गेली. इथे आल्यावर बाबांनी एकदा एक सायकल पुढे करून म्हटलं होतं, "ही नीट झाली का बघ बरं, एक चक्कर मारून ये." तर ती नको म्हणाली होती. बाबांनी पुन्हा विचारलं नव्हतं.

आणि मग ती दुपार आली. खारू खिडकीशी ताट पुसत होती. बाहेर छकुलीची सायकल डुगडुगली, कलली, भिंतीकडे झुकली, आणि मागून धावणारे बाबा ओरडले, "सांभाळ, खारू, सांभाळ!"

छकुलीनं ऐकलंही नसेल. ती आपली हँडल सावरत पुढे गेली. बाबाही गेले धावत. खारूनं हातातलं ताट अगदी हळू खाली ठेवलं, आवाजही न होऊ देता. आता नावही गेलं, तिच्या मनात आलं. हसणं दिलं, विनोद दिले, आणि आता नाव पण देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती मागच्या गल्लीत गेली. छकुली वर जेवत होती आणि लाल सायकल भिंतीला टेकून उभी होती. खारूनं डोक्यातली एक पिन काढली, मागच्या चाकाच्या व्हॉल्ववरचं टोपण फिरवलं आणि आतलं टोक दाबलं. फुस्स. चाक जमिनीवर बसलं. हवाच तर आहे, तिनं स्वतःला सांगितलं. हवा घेतली तर त्याला काही चोरी म्हणत नाहीत.

पण झालं भलतंच. सायकल चालवता येईना म्हटल्यावर छकुली घरी जाईल असं खारूला वाटलं होतं. ती घरी कुठली जातेय! ती उपडी बादली ओढून बाबांच्या शेजारी बसली. बाबांनी ट्यूब बाहेर काढली, हवा भरून पाण्यात बुडवून दाखवली, कुठला पाना कशाला लागतो ते सांगितलं. फळीच्या फटीतून खारू सगळं बघत होती.

"काका, मी बुडवू?"

"बुडव की. बाही वर कर, नाहीतर तुझी आई मला बुडवील."

पूर्वी छकुली गल्लीत चार चकरा मारून वर जायची. आता दुपारभर तिथेच! आगीतून निघून फुफाट्यात पडतात ते असं. शहाणं माणूस इथे थांबलं असतं. पण ज्याचं पोट दुखतंय त्याला कसलं आलंय शहाणपण? खारूनं पुन्हा हवा सोडली. मग पुन्हा. दर वेळी तिला वाटायचं, आता तरी ती सायकल अडगळीत जाईल. आणि दर वेळी छकुली बादली ओढून बसायची, अधिकच खुशीत.

एका दुपारी दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी असताना मालकांचा आवाज चढला.

"मिस्त्री, कोरी सायकल आहे ही! कोरी ट्यूब! आणि रोज हवा जाते?"

"बघतो, मालक."

"किती दिवस बघणार? लोक काय म्हणतील? यांच्या पोरीच्या सायकलीत हवा टिकत नाही, आपल्या काय टिकणार? नातेवाइकानं शब्द टाकला म्हणून ठेवलं मी तुम्हाला. असंच चालायचं असेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

फळीच्या अलीकडे खारूनं फटीला कान लावला. आता बाबा सांगतील, तिला वाटलं. ट्यूबमध्ये काहीच बिघाड नाही, हे कुणीतरी मुद्दाम करतंय, असं सांगतील.

"माझंच चुकत असणार, मालक," बाबा म्हणाले. "व्हॉल्व बदलून टाकतो."

गिऱ्हाइकं गेली, मालक पुढे जाऊन बसले. मग बाबांनी फळीवर बोटानं टकटक केलं. "जरा बाहेर ये."

खारू गेली. बाबांनी लाल सायकलची ट्यूब हवा भरून तिच्या हातात दिली. "बुडव."

तिनं ट्यूब पाण्यात दाबली आणि हळूहळू फिरवली.

"बुडबुडे दिसतात?"

"नाही."

"पहिल्या दिवशीही नव्हते," बाबा म्हणाले. "व्हॉल्वच्या तोंडाशी केसांच्या पिनेचा काळा रंग घासून लागला होता. छकुलीच्या डोक्यात रिबिनी असतात."

खारू पाण्याकडे बघत राहिली. "मग मालकांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? माझ्याच पोरीनं हवा सोडली म्हणून? मला वाटलं, तू येऊन सांगशील. वाट बघत होतो."

"तुम्ही विचारलंत कुठे?" खारूचा आवाज एकदम फुटला. "तुम्ही मला काहीच विचारत नाही! मी बोलले की नुसतं हं म्हणता. तिच्याशी सगळं बोलता. माझे विनोद तिला सांगता. माझं नाव पण तिला दिलंत!"

"कुठलं नाव?"

"खारू! सांभाळ खारू म्हणालात तिला. मी ऐकलं."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. "मी म्हणालो?"

"मोठ्यानं म्हणालात."

बाबा त्या उपड्या बादलीवर बसले. हाताला लागलेलं वंगण फडक्याला पुसत राहिले, पुसून झालं तरी पुसत राहिले.

"मला पत्ताच नाही गं," शेवटी ते म्हणाले. "सीट धरून मी याआधी एकाच पोरीच्या मागे धावलोय. पाय धावायला लागले की तोंड आपोआप तेच नाव घेत असेल. मी काय ठरवून देईन होय तुझं नाव कुणाला?"

"मग घरी का बोलत नाही?"

बाबांनी फडकं बाजूला ठेवलं. "तिच्याशी बोलणं सोपं आहे," ते म्हणाले. "तिचं काही जळलेलं नाही. तुझ्याकडे बघितलं की मला ती हिरवी सायकल दिसते. चेन तेवढी राहिली होती. आदल्या दिवशी चढवली असती तर तू ती शाळेत घेऊन गेली असतीस, वाचली असती. हेच डोक्यात फिरत बसतं, मग तू काय सांगतेस ते ऐकूच येत नाही."

खारूला हे ठाऊक नव्हतं. ऐकून तिला रडू आलं. पण राग सगळा गेला असं नाही. सोपं म्हणून तिला हसू आणि अवघड म्हणून मला हं, हा कुठला न्याय? तिनं नाक पुसलं.

"मी मालकांना सांगते."

"सांग. पण सायकल जिची आहे तिला आधी सांग."

दुसऱ्या दिवशी शाळेत पाण्याच्या नळाशी छकुली एकटी सापडली. खारूनं आडवळण घेतलंच नाही.

"तुझ्या सायकलची हवा मी सोडत होते."

"माहितीय," छकुली म्हणाली आणि नळ बंद केला.

"माहितीय?"

"गच्चीवरून दिसतं. दुसऱ्या वेळी बघितलं मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस." छकुलीनं ओले हात फ्रॉकला पुसले. "मला तिथे बसायला आवडतं. आमचे पप्पा फक्त गिऱ्हाइकांशी गोड बोलतात. मी गेले की म्हणतात, वर जा, अभ्यास कर. तू काय बाई, तुला काका रोज सकाळ-संध्याकाळ मिळतात. मला तर तुझा इतका राग येतो!"

खारू तिच्याकडे बघतच राहिली. "तू माझ्यावर जळतेस?"

"हो. मग?"

खारूचं डोकंच फिरलं. हसू दिलं, विनोद गेले, आता जळायचं तेवढं एक स्वतःचं होतं, तर तेही हिनं उचललं!

"तुला लाल सायकल आहे! गच्ची आहे! वर्गात सगळ्या तुझ्याच मैत्रिणी! आणि तू जळणार?"

"तुला काका आहेत."

"ते काका तुझे आहेत! माझे बाबा आहेत ते! बाबा!"

"तेच तर म्हणतेय मी," छकुली ओरडली आणि पाय आपटत वर्गात गेली.

संध्याकाळी खारू मनाचा हिय्या करून मालकांपुढे गेली. बघते तर छकुली तिथे आधीच उभी.

"पप्पा, हवा मी सोडत होते," ती म्हणत होती. "मिस्त्रीकाकांची काही चूक नाही."

"खोटं!" खारू म्हणाली. "हवा मी सोडत होते."

"मी!"

"मी! माझ्याकडे पिनसुद्धा आहे." तिनं ती काढून मालकांच्या टेबलावर ठेवली. कबुली तरी ती कुणाला पळवू देणार नव्हती.

मालकांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "मी आयुष्यात चोर पकडायला धडपडणारे लोक बघितले," ते म्हणाले, "चोर होण्यासाठी भांडणारे आजच बघतोय." मग ते उठले, धापा टाकत मागे गेले आणि बाबांसमोर उभे राहिले. "मिस्त्री, काल चार लोकांसमोर बोललो मी तुम्हाला. चुकलं माझं." आणि वळून दोघींना म्हणाले, "हवा फार आवडते ना? दुकानातल्या सगळ्या सायकलींत भरा. एकीनं पंप धरायचा, एकीनं मारायचा."

दोघींनी भरली. पंप कुणी मारायचा यावरून भांडत भरली, आणि त्याखेरीज एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी बाबा पुन्हा छकुलीला घेऊन गल्लीत उतरले. या वेळी खारू खिडकीत नव्हती. ती मागच्या पायरीवर बसून उघड उघड बघत होती. सायकल सरळ धावायला लागली आणि बाबांनी सीट सोडली. छकुली एकटीच पुढे गेली. थोडं अंतर गेल्यावर तिनं मागे वळून बघितलं, मागे कुणीच नाही असं दिसलं आणि तिचं सगळं अवसान गळालं. ब्रेक दाबायचं ती विसरली. गल्लीला उतार. सायकल वेग धरायला लागली, आणि खाली मोठ्या रस्त्यावरून ट्रक चालले होते.

"ब्रेक! ब्रेक दाब!" बाबा धावत सुटले. पण उतारावरच्या सायकलला माणूस कुठला गाठतोय?

पायरीशेजारी एका गिऱ्हाइकाची दुरुस्त झालेली सायकल उभी होती, मोठ्या माणसाची, उंच, मध्ये आडवी नळी असलेली. खारूनं ती कधी ओढली आणि कधी नळीखालून पाय घातला ते तिला नंतरही सांगता आलं नाही. ती बाबांना मागे टाकून गेली. वारा कानांत भरला. पेडल एका बाजूनं नीट पोचत नव्हतं, तरी ती छकुलीच्या बरोबरीला आली. छकुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि डोळे समोरच्या ट्रकांवर खिळले होते.

"तिकडे बघू नकोस!" खारू ओरडली. "वाळू बघ! डावीकडे वाळू बघ!"

कोपऱ्यावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पडली होती. छकुलीनं मान वळवली. मान वळली तसं चाक वळलं, आणि लाल सायकल टोपलीसकट त्या ढिगात घुसली. छकुली वाळूत तोंडावर आपटली. खारूनं करकचून ब्रेक दाबला आणि एक पाय टेकून थांबली.

बाबा धावत आले आणि सरळ छकुलीकडे गेले. तिला उचललं, तिचे हात-पाय वाकवून बघितले, कानातली वाळू झाडली. खारू उंच सायकल धरून उभी होती, आणि तशाही परिस्थितीत तिच्या पोटात ती जुनी कळ आलीच. आधी तिच्याकडे. पडली आहे म्हणून का होईना, पण आधी तिच्याकडेच.

मग बाबा वळले. खारूकडे, ती ज्या सायकलला धरून उभी होती तिच्याकडे, पुन्हा खारूकडे बघितलं. त्यांना इतकी धाप लागली होती की बोलता येत नव्हतं.

"उंच आहे ती तुला," शेवटी ते म्हणाले. "थांब. सीट खाली करून देतो."

आणि गिऱ्हाइकाची सायकल असूनही, तिथेच भर गल्लीत, खिशातून पाना काढून त्यांनी सीट खाली केली. खारू तिच्यावर बसून घरी गेली. छकुली वाळू थुंकत, लंगडत, आपली सायकल ढकलत आली. तिला धीर द्यायला बाबा बरोबर चालत होते, आणि खारू मुद्दाम पुढे-पुढे जाऊन परत त्यांच्यापर्यंत येत होती.

त्या संध्याकाळी बाबा जेवताना बोलत होते. आईला त्यांनी सगळी गोष्ट सांगितली, उठून उभे राहून, हातवारे करून. त्यांच्या गोष्टीत उतार डोंगराएवढा झाला आणि वाळूचा ढीग गच्चीएवढा. आई अर्धी घडी घातलेला टॉवेल तोंडावर दाबून हसत होती.

"आणि मग ही," बाबा म्हणाले, "वाऱ्यासारखी गेली माझ्या बाजूनं. मला वाटलं कुणी शर्यतवाला आला."

"आणि तुम्ही आधी तिला उचललंत," खारू म्हणाली.

"ती पडली होती, बाई!"

"माहितीय. तरी सांगून ठेवते."

पुढे मालकांनी आपणहून सांगितलं, दुकानातली जुनी चाकं, हँडलं पडली आहेत त्यातलं हवं ते घ्या आणि पोरीला एक सायकल जुळवा. सांगाडा तेवढा हवा होता, तो भंगारवाल्याकडे मिळाला असता. ठरलेल्या दिवशी बाबा आणि खारू निघाले तेव्हा छकुली दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. येऊ का असं तिनं विचारलं नाही, नुसती बघत राहिली. खारू कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली.

"ये," ती ओरडली. "पण बाबांच्या बाजूनं मी चालणार. तू माझ्या बाजूनं."

"बरं," म्हणत छकुली बूट वाजवत धावत आली.

भंगारवाला म्हातारा होता. त्यानं सांगाड्यांचा ढीग उपसून दाखवला. बाबा एकेक उचलून डोळ्यासमोर धरून वाकलाय का बघत होते. दोघी मुली त्यांच्या मागे वाकून तसंच बघत होत्या, एकमेकींना कोपरानं ढकलत.

"दोन्ही मुली तुमच्याच का हो?" म्हाताऱ्यानं विचारलं.

बाबांनी तोंड उघडायच्या आत खारूनं उत्तर दिलं.

"नाही. मी यांची. ही आमच्या मालकांची." छकुलीची मान खाली गेली. खारूनं एक गंजका सांगाडा उलटा केला, सुलटा केला.

"माझ्या वर्गात आहे," ती म्हणाली.